अकरावा प्रश्न

शुक्रवारी मेरिदा शहरातल्या आमच्या ऑफिसात पाहणीची प्रमुख असलेल्या डॉक्टर ग्रिसेल्दाने भिंतीवर आलेख दाखवला आणि माझ्या गावाचं नाक कापलं. देशभरातल्या नऊ गावांतल्या नवरा-बायकोंना आम्ही वर्षभर विचारत होतो, संसारात समाधानी आहात का. बाकीच्यांच्या रेघा बऱ्यापैकी वर. आमच्या टिकूलची रेघ इतकी तळाला, की मला आधी वाटलं ती छापायचीच राहिली.

ती रेघ म्हणजे माझे पाय होते. टिकूलची सगळी शेहेचाळीस जोडपी मी एकटीने विचारली होती. बत्तीस प्रश्न नवऱ्याला, तेच बत्तीस बायकोला, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जाता कामा नये. आमच्याकडे घरांना दारं असतात, पण ती लावून घ्यायची पद्धत नाही. म्हणून बायको बोलायला लागली की नवऱ्याला परसात कोंबड्यांकडे पाठवायचं, आणि नवऱ्याची पाळी आली की बायकोला कोपऱ्यावरच्या दुकानात. एकेका घराला तीन-तीन खेपा. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे काय म्हणतात ते कोणी आलेखात दाखवत नाही.

"निदियाबाई," डॉक्टर म्हणाली, "तुमच्या गावात नवरा-बायकोचं बिनसलंय तरी काय? शेहेचाळीसच्या शेहेचाळीस जोडपी वेगळी झोपतात?"

मी म्हटलं, कोण म्हणतं? तिने कागद पुढे केला. प्रश्न अकरावा: रात्री तुम्ही आणि तुमचा जोडीदार एकाच पलंगावर झोपता का? खाली ब्याण्णव वेळा नाही, एक सोडून सगळी माझ्याच अक्षरात.

मी त्या पोरीकडे बघतच राहिले. तिचीही चूक नाही म्हणा. ती उत्तरेकडची, मोन्तेर्रेची. इथे येऊन आठ महिने झालेले, आणि तेही एसीच्या फ्लॅटमध्ये. मी विचारलं, "डॉक्टर, पलंग आहे कोणाकडे?"

आम्ही झोळीत झोपतो. झोळीत जन्मतो, झोळीत आजारी पडतो आणि बहुतेक जण झोळीतच मरतो. दिवसा ती गुंडाळून कडीला अडकवायची, रात्री या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगायची. काही घरांत लग्नात आलेला पलंग असतो, नाही असं नाही. त्यावर इस्त्रीचे कपडे आणि बिघडलेला पंखा निजतो. तर पलंगावर झोपता का म्हटल्यावर लोकांनी सांगितलं, नाही. खोटं कोणीच बोललं नाही. आणि मी, झोळीत वाढलेली बाई, एक्क्याण्णव वेळा तो प्रश्न वाचला, एक्क्याण्णव वेळा नाही लिहिलं, आणि एकदाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. प्रश्नातला शब्द बदलायचा नाही हा ऑफिसचा नियम. मीही डोकं बाजूला ठेवून नियम पाळला. जवळिकीचे सगळे गुण त्याच एका प्रश्नावर टांगलेले होते, हे मला काय ठाऊक.

डॉक्टरचा चेहरा लाल झाला, एवढं मात्र खरं. मग तिने तिथेच नवा प्रश्न केला: रात्री तुमच्या दोघांच्या झोळ्या एकाच खोलीत टांगलेल्या असतात का? नसल्यास, कधीपासून आणि का? हा घेऊन शेहेचाळीस घरी पुन्हा जायचं. पुढच्या शुक्रवारच्या आत.

मी पिशवी उचलून निघाले तर तिने थांबवलं. मेरिदाच्या ऑफिसात मुख्य बाईची जागा रिकामी होतेय, म्हणाली. उन्हात हिंडणं नाही, बसून काम. ऑफिसच्या मागे राहायला खोली आहे. सोमवार ते शनिवार इथेच राहायचं, रविवारी गावी. पुढच्या शुक्रवारीच सांगा.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, छे हो, घर सोडून कशी येऊ. माझ्या तोंडून ते निघालं नाही. त्याचं कारण गाडीत बसल्यावर मी स्वतःशी कबूल केलं. त्या सगळ्या नाहींमध्ये निदान एका घराचं नाही खरंच नाही होतं. जोडपं क्रमांक एक. मी आणि गास्पार.

नवी पाहणी सुरू झाली की पहिला फॉर्म सरावासाठी आपापल्या घरी भरायचा असतो. मी माझा भरला. गास्पारने त्याचा भरला, पाकिटात घातला, जिभेने चिकटवला आणि माझ्या हातात दिला. मी तो न फोडता ऑफिसात नेऊन दिला. गाडीत दोनदा उजेडासमोर धरून पाहिला, पण पाकीट जाड होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी ही माझी नोकरी.

गास्पार सँडल बनवतो. आमचं अर्धं गाव तेच करतं. आमची झोपायची खोली आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत आहे. माझा सासरा एक नंबरचा चिक्कू. घर बांधताना लोखंड वाचवायला त्याने एकच गज भिंतीतून आरपार घातला आणि दोन्ही टोकांना कडी वळवून घेतली. इकडे खोलीत माझ्या झोळीची कडी, तिकडे दुकानाची. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी कामावरून आले तर गास्पारची झोळी खोलीत नव्हती. भिंतीच्या पलीकडे, दुकानात टांगलेली. तो काही बोलला नाही. मी काही विचारलं नाही. खोलीतल्या त्याच्या रिकाम्या कडीला मी कपड्यांची पिशवी अडकवली, म्हणजे ती रिकामी दिसू नये.

तेव्हापासून आमचं असं: सकाळी मी निघते तेव्हा तो झोपलेला, दुपारी जेवण एकत्र, संध्याकाळी टीव्ही एकत्र. भांडण नाही. मुलगी कान्कूनला हॉटेलात कामाला, ती फोनवर विचारते, बाबा कसे आहेत, मी म्हणते, आहेत. मला रोज वाटायचं, या माणसाला माझा कंटाळा आलाय. सरळ वाटायचं, आणि वाईट वाटायचं. मेरिदाला जावं की नाही हा प्रश्नच नव्हता. मी गेले तर याला काही फरक पडेल का, हा होता. पडणार नसेल तर थांबून तरी काय करायचं. पण ते त्याला विचारायची माझी छाती होत नव्हती. नव्वद परक्या माणसांना मी विचारलं होतं, तुमचा जोडीदार तुम्हाला समजून घेतो का, एक ते पाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मे महिना. पाऊस अजून लांब, डांबर चपलेला चिकटतंय. सोमवारी सुरुवात केली. सोमवारी आमच्याकडे घराघरांत काळ्या घेवड्यात डुकराचं मांस शिजतं, त्यामुळे निदान वास चांगला होता. लोकांनी मात्र मला फाडून खाल्लं. पुन्हा आलीस? आमचा संसार परीक्षेत नापास झाला का? एकाने तर नवा प्रश्न ऐकून विचारलं, झोळ्या वेगळ्या खोलीत असत्या तर ही पाच पोरं काय पपईला लागली? मी हसले. पाचव्या घरी हसले, दहाव्या घरी हसले. बाराव्या घरापासून नुसती खूण केली आणि निघाले.

बुधवारी एल्सीबाईंच्या घरी पोचले तेव्हा माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं. एल्सीबाई सत्तरीच्या पुढच्या, झोळ्या विणतात. त्यांचा नवरा फिदेन्सियो, त्याला आता फारसं ऐकू येत नाही. त्यांनी मला बसवलं, थंड पाणी दिलं, ताटात वाढूनच आणलं. मी प्रश्न वाचला.

"एका खोलीत कशाला," त्या म्हणाल्या. "एकाच झोळीत. तो आडवा, मी तिरकी. पाय माझ्या बरगडीत घालतो मेला."

मी 'हो'वर खूण केली. पण एल्सीबाईंना सांगायचंच होतं. तरुणपणी भांडण झालं की फिदेन्सियो दुसरी झोळी काढून लांब टांगायचा, तोंड भिंतीकडे करायचा. मग त्या काय करायच्या, तर पाय लांबवून अंगठ्याने त्याच्या झोळीला हळूच झोका द्यायच्या. एकदा, दोनदा, झोप लागेपर्यंत. झोक्यावर माणूस किती वेळ रागावून राहणार, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांत दोनदाच तो उठून परसात गेला, आणि दोन्ही वेळा डासांनी परत आणला.

मग त्यांनी एकदम विचारलं, "आणि तुझी कुठे असते गं?"

मी म्हटलं, विचारणाऱ्या बाईने स्वतःचं सांगायचं नसतं, नियम आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे कळलं," म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

गुरुवारी दुपारपर्यंत पंचेचाळीस घरं संपली. एक्केचाळीस हो. चार नाही, त्यांतला एक रात्रपाळीचा पहारेकरी, एका घरी अंथरुणाला खिळलेली सासू, आणि दोन घरांत खरीखुरी भांडणं. म्हणजे टिकूलचं नाक पुन्हा जागेवर आलं. घरोघरी मातीच्या चुली असतात, आमच्याकडे घरोघरी कड्या, एवढाच फरक. उरला फॉर्म क्रमांक एक.

जेवण झालं. अडीच वाजता गास्पारने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि झोळीत आडवा झाला. आत चामड्याचा आणि सोल चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, त्याला पंखाही काही करू शकत नाही. मी भांडी घासली. मग पुन्हा एकदा घासली. मग फॉर्म घेऊन मधल्या दारात उभी राहिले. पायांत गोळे आले होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, याचं उत्तर आपणच लिहून टाकावं, कोण बघतंय. पण बावीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाचं उत्तर स्वतः लिहिलेलं नाही.

"गास्पार, एक प्रश्न विचारायचाय. ऑफिसचा."

डोळे न उघडता तो म्हणाला, ऑफिसचा असेल तर विचार.

मी शब्दन् शब्द वाचला. रात्री तुमच्या दोघांच्या झोळ्या एकाच खोलीत टांगलेल्या असतात का?

"नाही," तो म्हणाला.

मी नाहीवर खूण केली. कधीपासून, म्हणून विचारलं. त्याने हिशेब केला, येत्या ऑगस्टात तीन वर्षं होतील. फिदेन्सियोच्या नातीच्या लग्नाच्या सँडल बनवायला घेतल्या होत्या, तेव्हापासून.

"का?"

आता त्याने डोळे उघडले. "हेही त्या कागदावर आहे?"

"आहे."

"खोकल्यामुळे, असं लिही." तो छताकडे बघत बोलत होता. त्या सँडलींच्या वेळी सोल्यूशन छातीत बसलं, रात्रभर खोकला. आणि मला तेव्हा पहाटे साडेचारची गाडी पकडावी लागायची. दोन रात्री मी उशी कानावर दाबून पडलेली त्याने पाहिली. तिसऱ्या दिवशी झोळी इकडे आणली.

"मग तसं सांगायचं नाही?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, हिला बरंच झालं."

मग हात वर करून त्याने डोक्यामागची कडी हलवली, ती कुरकुरली. "आणि मी काही लांब गेलो नाही, म्हातारे. गज एकच आहे. बापाने कंजूषपणा केला तो असा कामाला आला. आता तो सैल झालाय. तू तिकडे कूस बदललीस की ही इकडे बोलते. तू कधी उठतेस, कधी निजतेस, सगळं मला कळतं. तुझी आई गेली तेव्हा चार रात्री तुझा डोळ्याला डोळा लागला नव्हता."

असं काही ऐकल्यावर बाईला बरं वाटायला हवं ना? मला राग आला. तीन वर्षं आला नव्हता एवढा. हातातला फॉर्म मी त्याच्या झोळीवर फेकला.

"कळत होतं? मी रडतेय हे कळत होतं, तर उठून आला का नाहीस? चार पावलं नाहीत."

त्याला खोकला आला, तो त्याने दाबला, पुन्हा आला. मग म्हणाला, "तू दिवसभर लोकांचे संसार ऐकून यायचीस. तोंड एवढंसं झालेलं असायचं. मला वाटलं, घरी तरी हिला कोणी काही सांगू नये, काही विचारू नये. मी जागा राहायचो. तू निजलीस की मग निजायचो."

मी तिथेच सँडलींच्या लाकडी फर्म्यांच्या खोक्यावर बसले. रडू आलं, लपवायचं काय त्यात. आईसाठी आलं नव्हतं तसं आलं. तीन वर्षं इकडे मी जागी, तिकडे हा जागा, मध्ये वीतभर भिंत. आणि मी गावभर विचारत फिरतेय, तुमचं कसं चाललंय. मूर्ख आहेस तू, मी म्हटलं. आहे, तो म्हणाला. मग त्याने पाय बाहेर काढला आणि अंगठ्याने मी बसलेल्या खोक्याला हलकेच ढोसलं. एल्सीबाईंनी ही युक्ती गावात कितीजणांना शिकवलीय देव जाणे.

डोळे पुसले, आणि मग मेरिदाचं सांगितलं. सगळं सांगितलं, ऑफिसच्या मागची खोली, सोमवार ते शनिवार, उद्या उत्तर द्यायचंय. माझे पाय आता उन्हात चालत नाहीत हेही सांगितलं, कारण ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तो ऐकत होता. जाऊ नको म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही. मला धाकधूक होतीच, की आता हा नुसतं बरं म्हणेल आणि कुशीवर वळेल.

"त्या खोलीत कड्या किती आहेत?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, बघितल्या नाहीत. असतील दोन.

"दोघांना चार लागतात." तो उठून बसला, चपला शोधायला लागला. "शनिवारी दुकान लवकर बंद करून येतो, ठोकून देतो. मध्येही एखाद्या रात्री येईन. शेवटची गाडी नऊची आहे ना?"

"आणि खोकला?"

"तोही येईल. त्याला काय इथे एकट्याला ठेवू?"

त्या संध्याकाळी त्याने माझी कपड्यांची पिशवी कडीवरून काढून खुर्चीवर ठेवली आणि आपली झोळी टांगली. तो रात्रभर खोकला. मी मिनिटभर झोपले नाही. सकाळी गाडीत खिडकीवर डोकं आपटत-आपटत मेरिदाला पोचले.

डॉक्टर ग्रिसेल्दाने फॉर्म मोजले, एक्केचाळीस हो बघून तिचा चेहरा उजळला. मग पहिल्याच फॉर्मवर थांबली. जोडपं क्रमांक एक कोणाचं ते तिला ठाऊक होतं. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, हे बरोबर आहे का, बदलायचं असलं तर अजून बदलता येईल.

"बदलू नका," मी म्हटलं. "काल दुपारपर्यंतचं ते खरं उत्तर आहे." कारणापुढे मी एकच शब्द लिहिला होता, खोकला. बाकीचं त्या ओळीत मावलं नसतं.

तिने आणखी काही विचारलं नाही. शहाणी आहे, शिकेल. मग नोकरीचं विचारलं. मी येते म्हटलं. तिला इतका आनंद झाला की मला हाताला धरून मागची खोली दाखवायला घेऊन गेली. छोटी, स्वच्छ खोली, परसात उघडणारी खिडकी. बाई दमलेली असते, तिला नीट झोप मिळावी, म्हणून तिने स्वतः जाऊन एक नवीन पलंग आणून ठेवला होता, वर प्लास्टिकसुद्धा तसंच.

मी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं. चांगली भरीव भिंत होती.

"पलंग बाहेर काढा, डॉक्टर," मी म्हटलं. "उद्या आमचा माणूस कड्या ठोकायला येतोय. चार."